‘मास्तर तापले’चे पुनर्जन्म

फर्निचरच्या दुकानासमोर फुटपाथवर मांडलेली प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग शिकाऊ गाडीने एका दमात आडवी केली, तेव्हा गाडीतल्या तीनही माणसांच्या चेहऱ्यावर हसू होते. पुढे मास्तरांच्या मनातून गेली नाही ती हीच गोष्ट.

खुर्च्यांचे काही बिघडले नव्हते. हलक्या होत्या, उडाल्या, पडल्या. दुकानदाराने पुसून पुन्हा मांडल्या. पण शेवटच्या खुर्चीवर थोड्या वेळापूर्वीपर्यंत एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसले होते. ते पाणी प्यायला आत गेले, एवढ्या एका कारणाने वाचले. बाहेर येऊन त्यांनी आपली उलटी पडलेली खुर्ची पाहिली, मग गाडीकडे पाहिले, आणि ओळख पटून त्यांचाही चेहरा फुलला. “अरे, हे तर मास्तर!” म्हणत त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

गाडी चालवत होती फुलांच्या दुकानातली एक मुलगी. मास्तर “ब्रेक!” म्हणून ओरडले होते, अगदी खरेखुरे ओरडले होते, पण ब्रेक दाबण्याऐवजी तिने मागच्या सीटकडे वळून बघितले आणि खुदकन हसली. तिला वाटले, आता गंमत सुरू झाली. मागे मोबाइल धरून बसलेली मास्तरांची लेक हसली, कारण तिलाही तेच वाटले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, शिकणाऱ्याच्या ब्रेकलाच जोडलेला. तो मास्तरांनी दाबला, पण उशिरा दाबला. ‘ब्रेक’नंतर म्हणायचे वाक्य ते मनात जुळवत होते, आणि ते चांगले जमले म्हणून स्वतःशी हसत होते.

याला कारण होते ‘मास्तर तापले’.

गाडी शिकवणे हा मास्तरांचा व्यवसाय आणि ओरडणे हा त्यांचा स्वभाव. दोन्ही त्यांनी आयुष्यभर प्रामाणिकपणे केले. वर्षभरापूर्वी शाळा ओस पडू लागली, तेव्हा दुसऱ्या गाडीवर शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीने बापाचा एक व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला. ऐन चौकात गाडी बंद पाडून बसलेल्या एका शिंप्याला मास्तर विचारत होते, “अहो, गाडीला विचारा तरी, तिला जायचंय का! तो क्लच आहे, पायमशीन नव्हे!” तो व्हिडिओ गावभर फिरला. मग दुसरा टाकला गेला: “गिअर टाकताय की विहिरीत पडलेली बादली शोधताय?” मग तिसरा: “ताई, तो खांब तुमच्या जन्माच्या आधीपासून तिथे उभा आहे. तो बाजूला होणार नाही. तुम्हीच व्हा!” लेकीने त्या अकाउंटला ‘मास्तर तापले’ असे नाव दिले, आणि बघता बघता मास्तर इतके प्रसिद्ध झाले की न्हावी अर्धी दाढी करून वस्तरा थांबवायचा आणि म्हणायचा, “एक होऊन जाऊ द्या की.” एक गृहस्थ सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी अर्ध्या मिनिटाच्या सभ्य शिव्या मागून घेऊन गेले. लायसन्सची परीक्षा घेणारे अधिकारी, ज्यांच्यासमोर मास्तर जन्मभर हात बांधून उभे राहिले, तेच एक दिवस कानाशी येऊन लाजत म्हणाले, “मला एकदा झापा ना.”

खोटे कशाला सांगायचे, मास्तरांना ते सगळे आवडले होते. ते आरशासमोर उभे राहून वाक्ये घोकू लागले होते. शिकायला येणारी माणसे मुद्दाम चुका करू लागली होती. आणि मास्तरांच्या ओरडण्यात जी एक धार होती, जिने एवढ्या वर्षांत किती कुत्री, किती पोरे, किती खांब वाचवले असतील देव जाणे, ती बोथट होऊन गेली होती. हे त्या खुर्च्या पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

खुर्च्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर ऑफिसात येऊन उभे राहिले. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली: काचेचे दार, टेबलावर पुठ्ठ्याचा चौक आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या, कोपऱ्यात मधोमध कापून उघडा ठेवलेला इंजिनाचा सांगाडा. काउंटरवर त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत. इंजिनापाशी गाड्यांची दुरुस्ती बघणारे काकूंचे धाकटे भाऊ, अर्थात मामा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत शाळेचा नियम रंगवलेला होता: ‘आधी आरसा, मग मान, मग चाक.’ म्हणजे वळण्याआधी आरशात बघायचे, तेवढ्यावर विश्वास न ठेवता मान वळवून पुन्हा बघायचे, आणि मगच चाक फिरवायचे. या नियमावर ते कुटुंब केवळ गाडीच चालवत नसे, घरही चालवत असे. बाहेर पडताना काकू गॅस बंद करत, लेक तो बंद असल्याचे बघे, आणि कुलूप लागल्यावर मास्तर ते पुन्हा उघडून आत जाऊन एकदा हात लावून येत.

“बंद करायचं,” मास्तर म्हणाले.

“काय, खिडकी?” काकूंनी विचारले.

“ते. हिचं ते. मास्तर तापले.”

लेकीने मान वर केली. “बाबा, लाखभर माणसं बघतात तुम्हाला.”

“हो ना. आणि एकही ऐकत नाही.”

“तुमचं कुणी ऐकत नव्हतं ते आधीपासूनच हो,” काकू म्हणाल्या. “त्यात त्या अकाउंटचा काय दोष?”

“मी ब्रेक म्हटलं की ब्रेक लागला पाहिजे,” मास्तर म्हणाले. ते ओरडले नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी ऐकले. “माझ्याकडे विकायला दुसरं आहे काय? तो एक शब्द आहे. तोच खोटा पडला तर मी गाडीत बसायचं कशाला?”

लेकीने बराच वेळ पुठ्ठ्याच्या चौकातली एक छोटी गाडी मागेपुढे केली. वर्षभर तिने जिवाचे रान केले होते. व्हिडिओ कापणे, जोडणे, लोकांना उत्तरे देणे, सगळे एकटीने. बापाला कधीही न मिळालेले कौतुक तिने त्याला मिळवून दिले होते, आणि ते तिला त्याच्याहून जास्त गोड लागले असावे.

“कालचा व्हिडिओ मी टाकलेला नाही,” ती म्हणाली. “सगळ्यात जास्त चालला असता. मी पुन्हा पुन्हा बघितला. तुमचा पाय दिसतो त्यात, बाबा.”

मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिले.

“करूया बंद,” ती म्हणाली. “नुसतं बंद नको. कायमचं काढून टाकूया.”

तसे करणे वाटले तितके सोपे निघाले नाही. ते बटण एका पानाच्या आत दुसऱ्या पानात, त्याच्याही आत तिसऱ्यात, ‘इतर’ नावाच्या अडगळीत ठेवलेले होते. मामा खांद्यावरून बघत म्हणाले, “कळलं. ज्या नटाला हात लागू नये असं वाटतं, तो कंपनी नेहमी असाच कोपऱ्यात बसवते.” शेवटी ते सापडले, तर त्याने विचारले: तुम्ही का जात आहात? खाली पर्याय होते: वेळ फार जातो, कंटाळा आला, इतर.

“इतर,” मास्तर म्हणाले. “लिही: पाय उशिरा पडतो.”

लेकीने तसेच लिहिले. मग त्याने विचारले, तुम्हाला खात्री आहे का? हो म्हटल्यावर विचारले, अगदी नक्की? तुमचे मित्र तुमची आठवण काढतील. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, “माझं लग्न ठरवताना मला एवढ्यांदा विचारलं नव्हतं कुणी!” मग त्याने पासवर्ड पुन्हा मागितला, आणि सरतेशेवटी एक सूचना आली. लेकीने ती मोठ्याने वाचून दाखवली: अकाउंट आजपासून कुणालाही दिसणार नाही, महिनाभराने ते कायमचे पुसले जाईल, मधल्या काळात आपण पुन्हा आत आलात, तर आपला विचार बदलला असे समजून ते पूर्ववत सुरू होईल. शिकाऊ माणसे मास्तरांच्या सूचना ऐकतात, तशीच ही सूचना सगळ्यांनी ऐकली. म्हणजे माना डोलावल्या.

बटण दाबले गेले. पडदा पांढरा झाला. आणि त्या लांबट खोलीत एकाएकी असे काही हलके वारे शिरले, की काकूंना कशावरून कोण जाणे हसू फुटले आणि ते थांबेना. त्यांना बघून मामा हसू लागले, मामांना बघून लेक. मास्तर बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि कुणीही आपल्याला बघत नाही या जाणिवेने त्यांनी एक छोटी उडी मारली. पन्नाशी ओलांडल्यावर मारलेली ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मास्तरांच्या मनात आले: गेले ना ते नक्की?

त्यांनी मोबाइल उचलला. नुसते बघण्यासाठी. पडद्यावर रंगीबेरंगी फुगे उसळले, कागदाच्या चकत्या उधळल्या गेल्या आणि अक्षरे नाचत आली: ‘पुन्हा स्वागत आहे! तुम्ही परत आलात याचा आनंद आहे!’ मास्तर ऑफिसात पोहोचेपर्यंत फुलांच्या दुकानातली मुलगी दारातूनच ओरडली, “मास्तर, कालच गेलात आणि आजच आलात!”

“उघडलंत का?” लेकीने विचारले.

“बघायला.”

“काय बघायला?”

“बंद झालंय का ते.”

“बाबा, बंद झालंय का हे कुणी उघडून बघतं का?”

“घराचं कुलूप मी तसंच बघतो,” मास्तर म्हणाले.

“तसंच बघतात,” काकूंनी साक्ष दिली.

पुन्हा बटण, पुन्हा खात्री, पुन्हा ‘पाय उशिरा पडतो’. या खेपेला मास्तरांच्या मोबाइलमधून सगळे काढून टाकण्यात आले. काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी काउंटरवरच्या मोबाइलमधून फुगे फुटल्याचा बारीक आवाज आला आणि काकू चटकन तो पदराआड करू लागल्या.

“आई!”

“मी आत नाही गेले. नुसती डोकावले.”

“डोकावणं म्हणजेच आत जाणं असतं गं तिथे!”

“मग तसं लिहावं ना त्यांनी. शेजारणीकडे डोकावलं तर ती काय चहा टाकते लगेच?” काकू रागावल्या होत्या, पण तो राग खरा स्वतःवरचा होता. “आणि ह्यांनी बघितलं तर चालतं वाटतं? मी मानसुद्धा वळवायची नाही?”

मग पाळी मामांची. व्हिडिओ चढवायच्या घाईत लेकीने कधीतरी पासवर्ड त्यांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवला होता, हे सगळ्यांच्याच विस्मरणात गेले होते. “काम झालं की नट एकदा ओढून बघतो मी,” मामा खाली बघत म्हणाले. “हात आपोआप जातो. घट्ट आहे म्हणून ओढला, तर निघूनच आला.”

प्रत्येक पुनर्जन्मागणिक बघणारे वाढत गेले. लोकांना वाटले, हा मास्तरांचा नवा विनोद आहे. ‘मास्तर गेले’ आणि ‘मास्तर आले’ यांवर पैजा लागू लागल्या. गाडीत बसल्या बसल्या माणसे विचारत, “मास्तर, आज आहात की नाही?” आणि मास्तर काही बोलायच्या आतच हसून घेत. अंगठा टेकवून मारलेला डास उठून पुन्हा कानाशी गुणगुणावा, तसे ते अकाउंट त्या कुटुंबाच्या डोक्याभोवती फिरत राहिले. मास्तरांना संताप यायला हवा होता. पण संताप आला की तो लोकांना आवडे, म्हणून त्यांनी तो गिळून टाकला आणि त्यांना उचक्या लागू लागल्या.

पुढच्या खेपेला फुगे फुटले ते लेकीच्या मोबाइलवर. मास्तरांनीच ते पाहिले. ती दुसऱ्या गाडीत एकटी बसली होती, काच खाली होती.

“तूसुद्धा?” ते म्हणाले. “बघायला?”

“बघायला नाही.” तिने नाक ओढले. “पहिला व्हिडिओ पुन्हा एकदा ऐकायचा होता. शिंप्याचा. पुसला जाणार ना तो आता. तुम्ही त्यात किती खरे रागावलेले आहात, बाबा.”

मास्तर बाजूच्या सीटवर बसले. दोघांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. शिंपी बिचारा घामाघूम झाला होता आणि मास्तरांचा आवाज फाटला होता. मागून येणारा ट्रक दिसत नव्हता, पण त्याचा हॉर्न ऐकू येत होता. “वाचला तो तेव्हा,” मास्तर म्हणाले. लेकीने मान हलवली. मग तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “आता मी सांगते तसं करायचं. चौघांनीही.”

तिची योजना अशी होती: पासवर्ड बदलायचा, आणि तो असा बदलायचा की तो कुणालाच माहीत असता कामा नये. चौघांनी त्याचा एकेक तुकडा टाइप करायचा, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. म्हणजे पुढे कुणालाही डोकावायची हुक्की आली, तरी एकट्याला दार उघडणार नाही.

भर कामाच्या वेळी त्यांनी ऑफिसचे दार आतून लावले. काकू टाइप करू लागल्या तेव्हा तिघे नियमाच्या पाटीकडे तोंड करून उभे राहिले. “बघायचं नाही हं,” काकू म्हणाल्या, आणि जे टाइप करत होत्या ते सवयीने मोठ्याने पुटपुटू लागल्या. “अगं, मनात!” मास्तर ओरडले. “मान वळवू नका!” काकूही ओरडल्या. मामांची पाळी आली तेव्हा त्यांनी आपले ग्रीस लागलेले बोट पडद्यावर असे काही चालवले की अर्धा पडदा काळा झाला. बाहेर लायसन्सचा फोटो द्यायला आलेला एक इसम काचेतून बघत होता: एक माणूस मोबाइलवर वाकलेला, आणि तिघे शाळेतल्या उनाड पोरांसारखे भिंतीला नाक लावून, खांदे गदगदा हलवत उभे. तो फोटो न देताच गेला.

नवा पासवर्ड घातला गेला. आता फक्त बटण दाबायचे राहिले. लेकीने ते दाबले, आणि पडद्याने नम्रपणे विचारले: खात्रीसाठी आपला पासवर्ड पुन्हा एकदा लिहा.

मग सगळे निमूटपणे पुन्हा रांगेत उभे राहिले. काकूंनी आपला तुकडा बिनचूक घातला. मास्तरांनी घातला. लेकीने घातला. मामा मोबाइल हातात घेऊन जागच्या जागी थिजले.

“मामा?”

“काय घालायचं?”

“जे मघाशी घातलंत ते!”

“मघाशी मी डोळे मिटून घातलं ना,” मामा म्हणाले. “तूच म्हणालीस, कुणालाच कळता कामा नये. म्हणून मी स्वतःलाही कळू दिलं नाही.”

अकाउंट जिवंत होते, त्याचे दार बंद होते, आणि किल्ली चौघांपैकी कुणाकडेच नव्हती. ‘मास्तर तापले’ आता जगबुडीपर्यंत तापत राहणार होते. हे पूर्णपणे उमगले तेव्हा सर्वांत आधी मास्तरच खुर्चीत कोसळले आणि पोट धरून हसू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, उचक्या थांबल्या, आणि मेव्हण्याकडे बोट दाखवत ते एवढेच म्हणत राहिले, “स्वतःलाही… स्वतःलाही कळू दिलं नाही!” काकूंनी टेबलावर डोके टेकले, पुठ्ठ्याच्या चौकातल्या गाड्या टपाटप खाली पडल्या. मामा आधी दुखावले, मग त्यांनाही राहवेना.

सावरली ती लेक. “जुना ई-मेल मी अजून बंद केलेला नाही,” डोळे पुसत ती म्हणाली. “त्याच्यावरून पासवर्ड पुन्हा बदलता येईल. करायला घेण्याआधी मी एकदा मागे वळून बघितलं होतं.”

“माझी पोरगी!” मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा मामांनी डोळे उघडे ठेवले. बटण दाबले गेले, ई-मेलही बंद झाला, आणि सगळ्यांच्या मोबाइलवरून ॲपचे ते छोटे चित्र नाहीसे झाले. त्यानंतरचा महिना अवघड होता. पाठीवर मध्यभागी खाज सुटावी आणि हात पोहोचू नये तसा. काकू मधूनच म्हणत, “गेलं असेल का हो?” आणि मास्तर म्हणत, “पुढे बघ.” तो महिना संपला तेव्हाही कुणाला काही दिसले नाही की ऐकू आले नाही. फुगे नाहीत, निरोप नाही. काहीतरी गेले आहे असे मानून घ्यायचे आणि मान न वळवता चालत राहायचे, हे त्या कुटुंबाने आयुष्यात प्रथमच केले.

पण व्हिडिओ गेले तरी लोकांच्या तोंडावरचे हसू गेले नव्हते. जुनी माणसे गाडीत बसली की मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहत, जणू तिथून काहीतरी उडून बाहेर येणार आहे. मास्तर हळू बोलत तेव्हा ती हिरमुसत; ओरडत तेव्हा खूश होत. ब्रेक कुणी वेळेवर दाबत नसे. मास्तरांचा पाय सतत पेडलवर तयार असे आणि संध्याकाळी त्यांची पोटरी भरून येई. ‘आपला शब्द गेला तो गेलाच,’ असे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले होते.

अशात एक दातांच्या डॉक्टर शिकायला आल्या. गावात नव्या होत्या, वयाने मास्तरांच्याच आसपास, स्वभावाने शिस्तीच्या. काकूंनी नाव लिहून घेताना भीत भीत विचारले, “तुम्ही ह्यांना कुठे बघितलंय का, मोबाइलवर वगैरे?”

“मी त्यात नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दिवसभर लोकांची तोंडंच बघते. घरी जाऊन आणखी कुणाची बघायची?”

पहिले काही धडे शांततेत गेले. डॉक्टर चाक दोन बोटांनी धरत, एखादे नाजूक हत्यार धरावे तसे, आणि मास्तर हळू आवाजात सूचना देत. मग एके सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर डॉक्टरांनी आरसा पाहिला नाही, मानही वळवली नाही, आणि सरळ चाक फिरवले. आतल्या बाजूने एक सायकलवाला येत होता.

“ब्रेक!”

मास्तरांचा पाय खाली गेला, आणि त्याला पेडल लागलेच नाही. ते आधीच तळाला टेकलेले होते. डॉक्टरांनी त्यांच्याआधी दाबले होते. गाडी खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. सायकलवाला पुढून निघून गेला, त्याला काही कळलेसुद्धा नाही. मास्तरांना मात्र काही कळायच्या आत जुन्या सवयीने त्यांचे तोंड सुटले: “डोळे काय दवाखान्यात ठेवून आलात? ही गाडी आहे, खुर्ची नव्हे! इथे माणसं ‘आ’ करून तुमची वाट बघत बसत नाहीत!”

डॉक्टरांनी गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला. आरशात पाहिले, मान वळवून पाहिले, दार उघडले आणि खाली उतरून ताडताड चालू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मास्तर पेडलवर पाय ठेवून तसेच बसले. पेडल त्यांच्याआधीच खाली गेले होते. आणि बाई रागावल्या होत्या. खऱ्याखुऱ्या रागावल्या होत्या! मागून हॉर्न वाजू लागले तेव्हा ते भानावर आले, पलीकडच्या सीटवर सरकून त्यांनी गाडी नीट कडेला लावली आणि डॉक्टरांच्या मागे धावत सुटले.

“अहो बाई! डॉक्टर! थांबा!”

डॉक्टर थांबल्या आणि गर्रकन वळल्या. “आज इतकी वर्षं मी लोकांच्या हिरड्यांत सुया घालते. एकालाही मी म्हटलं नाही की तुमची अक्कल कुठे ठेवून आलात! दुखणार असेल तर आधी सांगते. तुम्ही स्वतःला समजता कोण?”

“बरोबर आहे. चुकलं माझं.”

“आणि वर हसताय?”

“नाही… हसतोय. पण तुम्हाला नाही.”

“मग कुणाला?”

“तुम्ही रागावलात ना,” मास्तर म्हणाले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. “वर्ष झालं हो, माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. आणि ब्रेक दाबलात तुम्ही. मी म्हटलं आणि तुम्ही दाबलात!”

“तुम्ही ब्रेक म्हणालात, मग मी दुसरं काय दाबणार होते?”

यावर मास्तरांना असे काही हसू आले की त्यांना शेजारच्या दुकानाच्या शटरचा आधार घ्यावा लागला. डॉक्टरांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिले, भूल जास्त झालेल्या रोग्याकडे बघावे तसे. समोरून लेकीची गाडी येत होती. शिकाऊ इसम फुटपाथवरचे ते दृश्य बघायला चाकावरच झुकला, तशी लेक त्याला म्हणाली, “तिकडे काय बघताय? रस्ता समोर आहे,” आणि गाडी संथपणे निघून गेली.

“मनापासून माफी मागतो, बाई,” मास्तर कसेबसे म्हणाले.

“आधी ते हसू आवरा. हसत मागितलेली माफी मी घेत नाही.”

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाठ केली आणि शटरकडे तोंड करून चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला. वळले, डॉक्टरांचे लालबुंद कान दिसले, आणि पुन्हा फुटले. परत शटरकडे वळले. डॉक्टर हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात आता काहीतरी हलू लागले होते आणि ते त्यांनी दातांखाली घट्ट धरून ठेवले होते.

“होऊ द्या सावकाश,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”